फुटपाथवरच्या पोरांसोबत काम करायचंय? आधी वार ठरवा

पहिल्या दिवशी बिस्किटं नेऊ नका.

मी दादर-माहीम पट्ट्यात गेली काही वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी जाते. फुटपाथवर, पुलाखाली, स्टेशनबाहेर राहणारी तिथली पोरं कोणत्या वारी कुठे काय मिळतं हे तोंडपाठ सांगतात. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या वाटेवर, शुक्रवारी दर्ग्यापाशी, गुरुद्वाऱ्यात लंगर. माहीमला काही हॉटेलांबाहेर भुकेली माणसं रांगेत उकिडवी बसलेली असतात. येणारा-जाणारा गल्ल्यावर पैसे ठेवून ‘दहा जणांचं’ म्हणतो आणि आतून जेवण येतं. भूक नाही असं मी म्हणत नाही. पण देणारी माणसं या पोरांनी ढिगानं पाहिली आहेत. दिवाळीला फराळ, थंडीत ब्लँकेट, सोबत फोटो, आणि मग वर्षभर कुणी नाही. तुम्ही पुडा पुढे केलात की पोरगा तुम्हाला त्याच खात्यात टाकतो. तो पुडा घेतो आणि तुमच्याकडे बघतही नाही.

हालअपेष्टांतही मोडून न पडणं, याला संस्थांच्या अहवालात ‘लवचिकता’ म्हणतात. मला तो शब्द कधी पटला नाही, वेताच्या छडीबद्दल बोलल्यासारखं वाटतं. साधा शब्द ‘तग’ किंवा ‘उभारी’. आणि तग धरायचं या पोरांना कुणी शिकवायची गरज नाही. जी मुलगी बाराव्या वर्षी भर जुलैत ताडपत्री बांधून धाकट्या भावाला कोरडं ठेवते, तिला चिवटपणाचं वर्कशॉप देऊ नये. तिच्याकडे नाहीत त्या गोष्टी वेगळ्या: रात्रीची सलग झोप, स्वतःच्या नावाचा कागद, आणि सांगितलेल्या दिवशी येणारं एक मोठं माणूस. हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक दशकं माग काढला. गरिबी, भांडणं, व्यसनं अशा सगळ्या बाजूंनी अडचणीत वाढलेल्यांपैकीही साधारण तिसरा हिस्सा नीट मार्गी लागला. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे घरात किंवा घराबाहेर मुलाला धरून राहिलेलं किमान एक माणूस. आई-बापच हवेत असं नाही. खाली जे लिहिलंय ते असं माणूस व्हायचं तर काय काय करावं लागतं, त्याबद्दल आहे.

जायच्या आधी

वार आणि वेळ ठरवा आणि स्वतःला विचारा, सहा महिने जमेल का? आठवड्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच, पण तो वार मोडायचा नाही. महिन्यातून चार वेळा ‘जमेल तसं’ जाण्यापेक्षा दर दुसऱ्या रविवारी नक्की जाणं बरं.

एकट्यानं जाऊ नका. दोघं जा, त्यात एक बाई असू द्या. त्या भागात आधीपासून काम करणारी संस्था शोधून त्यांच्याबरोबर निदान दोन महिने फिरा. जवळच्या बीट चौकीत जाऊन आपलं नाव, फोन आणि यायचे दिवस सांगून ठेवा. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, अधूनमधून धरपकड होते. तुमच्या ओळखीचा मुलगा गाडीत बसवला जात असेल तेव्हा चौकीतला हवालदार तुम्हाला चेहऱ्यानं ओळखत असणं फार कामाला येतं.

आणि फोटो नाहीत. संरक्षणाची गरज असलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टेटसला ठेवलेला फोटोही यात आला.

समोर कोण आहे ते ओळखा

२०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांहून जास्त माणसं बेघर मोजली गेली. त्यातली तरुण पोरं म्हणजे एकाच साच्यातली मंडळी नव्हेत. काही फुटपाथवरच जन्मली, आई-बाप, आजी, शेळीसकट. त्यांचे मूळ पत्ते सोलापूर, धाराशिव, परभणीकडचे, घरात मराठी किंवा पारधी बोली, मित्रांत मुंबईची हिंदी. काही एकटी आली, गाडीनं, घरातून निघून किंवा हाकलली जाऊन. आणि तिसरी, जी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत: बालगृहात वाढली, अठरा पूर्ण झाली, आणि एका बॅगेसह बाहेर आली.

पहिल्या गटात मुलापर्यंत जायची वाट आईवरून जाते. तिला वगळून मुलाशी गट्टी केलीत तर ती तुम्हाला पोरं पळवणारी समजेल, आणि तिचं चुकणार नाही.

दुसऱ्या गटात वय आधी बघायचं. अठराच्या आतलं, एकटं, नुकतंच आलेलं मूल दिसलं तर त्याच घटकेला १०९८ लावा. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या कामातून. आता सरकार चालवतं, नंबर तोच आहे. फोन केलात की मुलाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. कुर्ला टर्मिनस, सीएसएमटी अशा मोठ्या स्टेशनांवर रेल्वे पोलिसांनाही कळवता येतं. मुलाला प्रेमानं घरी घेऊन जाऊ नका. चांगल्या मनानं केलेलंही कायद्यात बसत नाही. कोण येणार, कुठे नेणार, हे त्याला खरं खरं सांगा. ‘चल, आइस्क्रीम खाऊ’ म्हणून गाडीत बसवलेला मुलगा पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही. असा एक मला भेटला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. सात वर्षांपूर्वीचं ते आइस्क्रीम त्याला फ्लेवरसकट आठवत होतं.

पहिला महिना: नुसतं बसणं

काही शिकवू नका. बसा. ते खाली बसले असतील तर खाली बसा, रुमाल न पसरता. लुडो चालतो, कॅरम मिळाला तर उत्तम. पत्ते नकोत, त्यात पैसे लागतात आणि मग भांडणं.

‘घर का सोडलंस?’ हा प्रश्न विचारू नका. तो प्रत्येकानं विचारलेला असतो आणि पोरांकडे त्याची तीन-चार तयार उत्तरं असतात, समोरच्याला कोणतं आवडेल ते बघून दिलेली. मी विचारते, ‘काल झोप झाली का?’

या एका प्रश्नात बरंच काही निघतं. चपला उशाला घेऊन झोपावं लागतं, नाहीतर सकाळी नसतात. फोन असेल तर तो चड्डीत. पहाटे चारला दुकानासमोरचा ओटा धुवायला पाणी मारतात, तेव्हा उठायचं. डास. काठी. दारू प्यालेला कुणी शेजारी येऊन पडला तर जागा सोडायची. मग दुपारी चर्चगेट-विरार लोकलमध्ये खिडकीला डोकं टेकून दोन फेऱ्या झोपायचं. दिवसा लोकलमध्ये झोपलेला पोरगा दिसला की लोक ‘नशेत आहे’ म्हणतात. पुष्कळदा तो फक्त झोपलेला असतो.

अर्धवट झोपेवर महिनोन् महिने काढले की कुणाचंही डोकं लगेच तापतं, काही लक्षात राहत नाही, उद्याचं काही ठरवता येत नाही. म्हणून समुपदेशनाच्या आधी झोपेचं बघा. मच्छरदाणी, चपला-पिशवी ठेवायला कुलपाची एक पेटी, दिवसा दोन तास निर्धास्त पडता येईल अशी समाजमंदिराची खोली. रात्रनिवारा जवळ असेल तर आधी स्वतः जाऊन बघून या: कोणत्या वयाला घेतात, दार किती वाजता लागतं, कॅटरिंगहून रात्री एकला परतणाऱ्याला आत घेतात का. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मोठ्या शहरांना दर लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा निवारा ठेवायला सांगितलं होतं. मुंबईची लोकसंख्या २०११ मध्येच सव्वा कोटीच्या जवळ होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे नाहीत. जागा नाही म्हणून परत पाठवलं तर पोराला वाटतं आपल्यातच काही खोट आहे. हा हिशेब त्याला सांगून ठेवा.

मुलींचं गणित आणखी वेगळं. रात्री शौचालय बंद असलं किंवा रस्ता ओलांडून जायचं असलं की मुली संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. लघवीची जळजळ, पोटदुखी तिथून सुरू होते. पॅडच्या पाकिटाबरोबर ते बदलायला सुरक्षित जागा कुठे, हेही शोधा. सुलभवाल्या काकांशी किंवा मावशींशी महिन्याचे पैसे ठरवून घेतले आणि ‘ही मुलगी आली की सोडा’ एवढं बोलून ठेवलं, तर त्या दोन मिनिटांच्या बोलण्यानं बरंच काम होतं.

राग, भीती आणि कटिंग चहा

ध्यान, डोळे मिटून बसणं वगैरे फुटपाथवर चालत नाही. डोळे मिटणं म्हणजे तिथे धोका. श्वास लांब सोडला की छातीतली धडधड उतरते, हे मात्र खरं आहे. आम्ही ते चहावर करतो. गरम कटिंग हातात घ्यायचा, नाकानं वास घ्यायचा, मग ओठांचा चंबू करून हळू, लांब फुंकर. चहा सांडता कामा नये. आठ-दहा फुंकरा. कुणाला व्यायाम करतोय असं वाटत नाही, आणि चहा पिण्याजोगा होतो. भांडणानंतर थरथरणाऱ्या पोराला मी आधी चहाच आणून देते, प्रश्न नंतर.

काही मोठं घडलं असेल, मारहाण, अपघात, कुणाचा मृत्यू, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराचे तीन शब्द लक्षात ठेवा: पाहा, ऐका, जोडा. आधी जागा सुरक्षित आहे का, कुणाला लागलंय का ते पाहा. मग तो बोलेल तेवढंच ऐका, उकरू नका. मग पुढच्या मदतीशी जोडा.

अठराच्या आतल्या मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. पॉक्सो कायद्यानं (२०१२) ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस. तुझी काही चूक नाही. आता मला हे एका ठिकाणी सांगावं लागेल, मी तुझ्यासोबत येते,’ एवढं बोला. तपशील खोदून विचारणं तुमचं काम नाही.

नशेबद्दल भाषण नको. पंक्चरचं सोल्यूशन किंवा थिनर फडक्यावर घेऊन हुंगणाऱ्या पोराला ते वाईट आहे हे तुमच्याआधीपासून माहीत असतं. कधी घेतोस, ते विचारा. एकानं मला सांगितलं होतं, ‘ताई, रात्री भूक आणि भीती दोन्ही जाते, दोन्हीला वेगळे पैसे लागत नाहीत.’ त्या उत्तरातून काम कुठून सुरू करायचं ते कळलं: रात्रीच्या जेवणापासून आणि झोपायच्या जागेपासून. गर्द, गोळ्या किंवा रोजची दारू असेल तर ‘आजपासून बंद’ असं सांगू नका. अचानक बंद केल्यानं जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

सलग रात्री अजिबात झोप नाही, कुणीतरी कानात बोलतंय असं वाटतं, अंगावर कापल्याच्या नव्या खुणा दिसतात, किंवा ‘आता कंटाळा आला जगायचा’ असं निघतं, तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही. पण फोन लावून हातात देऊन निघून जाऊ नका, शेजारी बसा. केईएम, सायन, नायर, जेजे इथे मानसोपचार विभाग आहेत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार बेघर माणसाला सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत मिळण्याचा हक्क आहे. ओपीडीला सोबत जा. एकदा एका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर ‘पत्ता?’ विचारल्यावर आमचा मुलगा गप्प झाला आणि रांगेतून निघून गेला. तेव्हापासून जाण्याआधीच आम्ही पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरवून नेतो: पुलाचं नाव, जवळचं दुकान, वॉर्ड.

कागद

या भागाला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि स्वयंसेवक इथेच कंटाळतात. पण स्वतःच्या नावाचा कागद हातात आलेल्या पोराची चाल बदलते. मी पाहिलंय.

आधार आधी. घराचा पुरावा नसला तरी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या किंवा संस्थेच्या प्रमुखानं ठरलेल्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर सही-शिक्का दिला तर नोंदणी होते, म्हणूनही संस्थेशी ओळख हवी. अनेकदा लहानपणी आधार काढलेलं असतं आणि नंबर कुणालाच आठवत नाही. मग नवीन काढायला गेलं की अर्ज फेटाळला जातो, कारण बोटांचे ठसे आधीच यंत्रणेत असतात. अशा वेळी नवा अर्ज न करता केंद्रावर ठशांवरून जुना नंबर शोधून मागा. पंधराव्या वर्षानंतरचे ठसे नव्यानं दिलेले नसतील तर तेही तिथेच उरकून घ्या. चौकशीला आधारची हेल्पलाइन, नंबर १९४७.

खातं. पुरेशी कागदपत्रं नसतानाही बँकेत ‘लघु खातं’ उघडता येतं: स्वतःचा फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा. शिल्लक ५० हजारांच्या वर नाही, महिन्याला १० हजारांपर्यंत काढता येतात, वर्षभरात एक लाखापर्यंत जमा. काउंटरवर ‘असं काही नसतं’ ऐकायला मिळेल. भांडू नका, मॅनेजरला भेटा, रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे एवढं शांतपणे सांगा. खातं का हवं? कारण पैसे जवळ ठेवले की रात्री चोरी होते, म्हणून कमावलेलं त्याच दिवशी उडवणं हाच फुटपाथवरचा शहाणपणा असतो. त्याला उधळ्या म्हणायच्या आधी हे लक्षात घ्या.

मतदार नोंदणी. अठरा पूर्ण झाली की सहा नंबरचा फॉर्म. बेघराला राहण्याचा कागदी पुरावा लागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी त्या जागी रात्री येतो आणि माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघतो, एकाहून जास्त रात्री. आमच्याकडच्या एका पोराला हे सांगितल्यावर तो हसत सुटला: ‘म्हणजे पहिल्यांदा कुणीतरी इथे झोपू नको म्हणायला नाही, झोपलोय का बघायला येणार?’ मात्र त्या रात्री पोरं कॅटरिंगला गेलेली नसतील एवढं बघा. अधिकाऱ्याशी फोनवर रात्र ठरवून घेतलेली बरी.

मूळ कागद फुटपाथवर ठेवू नका. पहिल्या पावसात किंवा पालिकेच्या गाडीत जातात. डिजिलॉकर उघडून द्या, लॅमिनेट केलेली एक प्रत त्याच्याजवळ आणि एक संस्थेच्या कपाटात, त्याच्या नावाच्या पाकिटात. तो मागेल तेव्हा, कारण न विचारता, परत द्यायची.

बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत, पुढच्या सांभाळाची तरतूद आहे. आणि अनाथ प्रमाणपत्र असेल तर महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालय गाठा, शक्यतो अठरावा वाढदिवस येण्याआधी.

शाळा आणि काम

सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून शाळा नाकारता येत नाही, आणि वयानुसार वर्ग द्यावा लागतो. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याहून मोठ्यांसाठी रात्रशाळा आहेत, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी आहे, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, जिथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करून सोडवता येतात. कामावर आज इथे, उद्या तिथे असणाऱ्या पोराला मी हा शेवटचा रस्ता सुचवते. दहावी न करता थेट हाताचं काम हवं असेल तर आठवीवर चालणारे आयटीआयचे काही ट्रेड आहेत.

कामाची सोय लावताना कायदा विसरू नका: चौदाच्या आत कामाला लावणं गुन्हा, अठरापर्यंत धोक्याचं काम नाही. आणि पहिली नोकरी टिकेल असं गृहीत धरू नका. मुकादम सगळ्यांसमोर ओरडला की पोरगा टाकून येतो. तेव्हा ‘तुझ्यासाठी किती खटपट केली’ हे वाक्य गिळा. दुसरी शोधा. साधारण तिसऱ्या नोकरीला तो मुकादमाचं ओरडणं ऐकून घेऊन संध्याकाळी तुमच्याकडे येऊन शिव्या घालतो. ती प्रगती आहे.

जबाबदारी द्या, खरी

टाळ्या, सर्टिफिकेट, ‘शाब्बास’ यांनी फार काही होत नाही. आपल्याशिवाय एखादी गोष्ट अडते, हे कळल्यानं होतं. कॅरमच्या सोंगट्या सांभाळणं, नव्या पोराला दवाखाना दाखवणं, प्रथमोपचाराची पेटी भरलेली ठेवणं. आमच्याकडे हजेरीची वही एका सोळा वर्षांच्या मुलाकडे आहे. त्याला लिहिता जेमतेम येतं, म्हणून कुणापुढे चपलेचं चित्र, कुणापुढे टोपीचं.

थांबायचं असेल तेव्हा

लग्न, बदली, परीक्षा, कंटाळा, काहीही कारण असो, तुम्ही एक दिवस थांबणार. ते निदान महिनाभर आधी सांगा, आणि सगळ्यांना एकदम न सांगता ज्याला जास्त लागेल त्याला आधी, एकट्याला. जागी येणाऱ्या माणसाला चार वेळा सोबत आणा, कागदांची पाकिटं त्याच्या हाती पोरांसमोर द्या. ‘येत राहीन अधूनमधून’ असं म्हणू नका, येणार नसाल तर.

गेल्या वर्षी तापानं मी दोन मंगळवार गेले नाही. फोन करून निरोप ठेवता आला असता, पण राहून गेला. तिसऱ्या मंगळवारी वही बघितली. पोरांच्या चपला-टोप्यांच्या खाली वही सांभाळणाऱ्या मुलानं एक नवीन ओळ आखली होती, तिच्यापुढे चष्म्याचं चित्र, आणि दोन्ही तारखांना फुली. ताप होता म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मग दवाखान्याचा पेपर दाखव.’

दाखवला. मग त्यानं फुल्या खोडल्या.